अमेरिकेत घरी नॅनी ठेवताय? ‘हातात किती’ ठरवण्याआधी हा हिशोब करा

नॅनीशी पहिलं बोलणं होतं ते तासाच्या दराचं. समोरून प्रश्न येतो, “हातात किती पडणार?” आपण एक आकडा सांगून मोकळे होतो, आणि पुढचं वर्षभर गोंधळ त्या आकड्यातूनच उगवत राहतो. तो आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा, हे त्या वेळी कोणी विचारलेलं नसतं. म्हणून दर बोलण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा. खालचे आकडे २०२६ सालचे आहेत. जिथे आधीच्या वर्षाचा आकडा वापरला आहे तिथे तसं लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: ती तुमची नोकरदार आहे का?

काम काय करायचं आणि कसं करायचं हे तुम्ही ठरवत असाल, तर ती व्यक्ती आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या, लेखी तुमची घरगुती कर्मचारी असते. काम अर्धवेळ आहे, पैसे रोख दिले जातात, पगार तासावर नसून आठवड्यावर आहे किंवा एजन्सीने फक्त ओळख करून दिली आहे, यातल्या कशानेही फरक पडत नाही. तुमच्या घरी, तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे, तुमच्या मुलांना सांभाळणारी नॅनी जवळपास नेहमीच कर्मचारी ठरते. महिन्यातून दोनदा स्वतःचं यंत्र घेऊन येणारा आणि दहा घरांत काम करणारा लॉनवाला ठरत नाही. एजन्सी स्वतः पगार देत असेल आणि कामावर तिचंच नियंत्रण असेल, तर मालक एजन्सी.

“आम्ही तिला १०९९ देऊ” हा सल्ला ओळखीपाळखीत हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. १०९९ हा स्वतंत्र व्यावसायिकाला द्यायचा फॉर्म. तो दिला की ती स्वतःचा व्यवसाय करते असा अर्थ होतो आणि सोशल सिक्युरिटी (निवृत्तीवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांच्या करांचा, एकूण १५.३ टक्क्यांचा, सगळा बोजा तिच्यावर पडतो. नोकरी सुटल्यावर तिने बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला, की राज्याकडून पहिलं पत्र तुम्हाला येतं. या भानगडी बहुतेक वेळा अशाच उघडकीला येतात, ऑडिटमधून नाही.

काही नात्यांना सूट आहे. नवरा-बायकोला किंवा स्वतःच्या २१ वर्षांखालच्या मुलाला दिलेल्या पैशांवर फायका, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, लागत नाही. स्वतःच्या आई-वडिलांना दिलेल्या पगारावरही बहुतेक वेळा लागत नाही. मात्र तुम्ही घटस्फोटित, विधवा किंवा विधुर असाल, किंवा जोडीदार आजारपणामुळे मुलांकडे बघू शकत नसेल, तर ही सूट जाऊन फायका लागू होऊ शकतो. वर्षभरात कधीही १८ पेक्षा कमी वय असलेली शाळकरी मुलगी संध्याकाळी बेबीसिटिंगला येत असेल, तर तिलाही फायका नाही. जे-१ व्हिसावरच्या ऑ पेअरचे, म्हणजे कुटुंबात राहून मुलं सांभाळणाऱ्या परदेशी तरुणींचे, नियम वेगळे आहेत आणि त्या या लेखात येत नाहीत.

आपल्याकडे विशेष जपावं असं एक प्रकरण म्हणजे व्हिसा. शेजारची वहिनी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, घरीच असते, मुलं तिच्याकडे ठेवू आणि महिन्याला काही देऊ, असा विचार सहज केला जातो. तिच्याकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर तिला काम करण्याची परवानगी नाही आणि जाणूनबुजून तिला कामावर ठेवण्याची तुम्हालाही नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मावशी, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची कॉलेजकन्या, यांचंही तेच. इथे प्रश्न फक्त कराचा उरत नाही. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात त्या व्यक्तीलाच हे जड जातं.

कोणत्या रकमेपासून काय लागू होतं

एकाच कर्मचाऱ्याला २०२६ मध्ये रोख स्वरूपात ३,००० डॉलर किंवा जास्त दिले, की फायका लागतो. ही मर्यादा २०२५ मध्ये २,८०० होती, २०२४ मध्ये २,७००. ती ओलांडली की कर वरच्या रकमेवर नाही, पहिल्या डॉलरपासून लागतो. २,९९० डॉलर दिले तर फायका शून्य. ३,००० दिले तर सगळ्या ३,००० वर. त्यामुळे “अजून मर्यादा आली नाही, नंतर कापू” असं करून चालत नाही. वर्षभरात मर्यादा ओलांडली जाईल असं दिसत असेल तर पहिल्या चेकपासून कापा. शेवटी ओलांडली गेलीच नाही, तर कापलेले पैसे तिला परत द्या.

इथे ‘रोख’ म्हणजे नोटा नव्हेत. चेक, झेल किंवा व्हेन्मो या ॲपवरून पाठवलेले पैसे, हे सगळं त्यात आलं. दिवाळीचा किंवा ख्रिसमसचा बोनसही आला आणि गिफ्ट कार्डही पगारातच धरा. तुमच्या घरी ती जेवली, तर ते जेवण धरायचं नाही. वर्ष ठरतं ते पैसे दिल्याच्या तारखेवरून. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा पगार जानेवारीत दिला, तर तो नव्या वर्षात मोजायचा.

फायकाचे दर सरळ आहेत. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७.६५. एवढे तिच्या पगारातून कापायचे आणि तेवढेच तुमच्या खिशातून घालायचे. एकूण १५.३. सोशल सिक्युरिटीला १,८४,५०० डॉलरची कमाल मर्यादा आहे, पण घरकामाच्या पगाराला तिचा संबंध येत नाही.

दुसरा कर फ्यूटा, केंद्राचा बेकारी कर. तो फक्त मालकाने भरायचा. या वर्षी किंवा मागच्या वर्षी कोणत्याही एका तिमाहीत घरातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून १,००० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर तो लागतो. लक्षात घ्या, फायकाची मर्यादा माणशी आहे, फ्यूटाची घराची मिळून. दर ६ टक्के, पण प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच. राज्याचा बेकारी कर वेळेत भरला असेल तर ५.४ टक्क्यांची सवलत मिळते आणि उरतात ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर. ‘वेळेत’ म्हणजे रिटर्नच्या तारखेपर्यंत, साधारण १५ एप्रिल. राज्याकडे उशिरा भरलं तर सवलतीचा काही भाग जातो.

कॅलिफोर्नियात हे ४२ डॉलर पुरत नाहीत. राज्याने बेकारी भत्त्यासाठी केंद्राकडून घेतलेलं कर्ज अजून फेडलेलं नाही, म्हणून तिथल्या मालकांची सवलत दर वर्षी थोडी थोडी कापली जाते. २०२५ साठी ही कपात १.२ टक्के होती, म्हणजे फ्यूटा ४२ ऐवजी १२६ डॉलर. कर्ज राहिलं तर दर वर्षी ०.३ ची भर पडते. म्हणून २०२६ साठी १४७ धरून ठेवलेले बरे.

तिसरा कर राज्याचा बेकारी कर, आणि इथे प्रत्येक राज्याचं वेगळं. दर वेगळा, किती पगारावर तो वेगळा, सुरुवात कुठून तेही वेगळं. बहुतेक राज्यांत तिमाहीला १,००० डॉलरपासून सुरू होतो, न्यूयॉर्कमध्ये ५०० पासून. कॅलिफोर्नियात तिमाहीला ७५० डॉलर दिले की अपंगत्व विम्याची, म्हणजे एसडीआयची कपात सुरू होते आणि १५ दिवसांत ईडीडीकडे, म्हणजे तिथल्या रोजगार खात्याकडे, नोंदणी करावी लागते. बेकारी कर तिथेही १,००० पासूनच. काही राज्यांत कौटुंबिक रजेचा विमाही असतो, कुठे कर्मचाऱ्याच्या पगारातून, कुठे दोघांकडून. तुमच्या राज्याच्या श्रम किंवा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ‘नवीन मालकाचा दर’ आणि ‘करपात्र पगाराची मर्यादा’ एवढे दोन आकडे शोधा. अंदाजासाठी तेवढे पुरतात.

आयकर कापणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तिने मागितलं आणि तुम्ही मान्य केलं, तरच कापायचा आणि त्यासाठी तिच्याकडून डब्ल्यू-४, म्हणजे किती आयकर कापायचा ते सांगणारा फॉर्म, भरून घ्यायचा. कापलेला बरा, कारण नाहीतर एप्रिलमध्ये तिच्या अंगावर एकदम मोठी रक्कम येते आणि पुढच्या महिन्यात ती दर वाढवून मागते. पण हा कर तिच्या पगारातून जातो, तुमच्या खर्चात भर घालत नाही.

पूर्णवेळ नॅनी, बे एरिया (कॅलिफोर्निया)

दर तासाला २८ डॉलर, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४०. सुट्ट्यांचे पैसे धरून ५२ आठवडे. आठवड्याचा पगार १,१२०, वर्षाचा ५८,२४०.

तुमच्याकडून जाणारे कर:
- फायका, ७.६५ टक्के: ४,४५५.३६
- फ्यूटा, कपात धरून: १४७
- राज्याचा बेकारी कर, नवीन मालकाला ३.४ टक्के, पहिल्या ७,००० वर: २३८
- राज्याचा प्रशिक्षण कर, ०.१ टक्के, त्याच ७,००० वर: ७

बेरीज ४,८४७.३६ डॉलर. पगारासह ६३,०८७. म्हणजे पगाराच्या वर साधारण ८.३ टक्के.

तिच्या आठवड्याच्या चेकवर काय दिसेल? १,१२० मधून सोशल सिक्युरिटी ६९.४४, मेडिकेअर १६.२४, एसडीआय १.३ टक्क्यांनी १४.५६. एकूण कपात १००.२४. हातात १,०१९.७६, आयकर कापला तर त्याहून कमी. नोकरीची बोलणी करताना हा एक चेक कागदावर मांडून तिला दाखवा. २८ चा दर ऐकून तिने मनात १,१२० धरलेले असतात आणि पहिल्या शुक्रवारी १,०२० दिसले की विश्वासाला तडा जातो. ही रक्कम कुठे गेली, त्यातून तिला निवृत्तीच्या वेळी सोशल सिक्युरिटी आणि आजारपणात एसडीआय कसं मिळतं, हे आधी सांगितलं तर तीच गोष्ट गैरसमज न होता पचते.

अर्धवेळ, टेक्सास

प्लॅनोत शाळा सुटल्यावर दोन मुलांना आणणारी बाई. आठवड्याला १२ तास, तासाला २२ डॉलर, वर्षात ५० आठवडे. पगार १३,२००. फायका १,००९.८०, फ्यूटा ४२, टेक्सासचा बेकारी कर नवीन मालकाला २.७ टक्के, पहिल्या ९,००० वर, म्हणजे २४३. बेरीज १,२९४.८०.

टक्क्यात ९.८. पगार कमी असूनही टक्का बे एरियापेक्षा जास्त, कारण बेकारी कर पहिल्या काही हजारांवरच लागतात आणि लहान पगारात त्यांचा वाटा मोठा होतो. ज्यांच्याकडे वर्षभरात दोन-तीन नॅनी बदलतात त्यांना हे आणखी जाणवतं. प्रत्येक नव्या नॅनीबरोबर ते ७,००० किंवा ९,००० पुन्हा शून्यापासून मोजले जातात.

अजून नेमका दर हातात नसेल आणि पटकन अंदाज हवा असेल, तर पगारावर १० टक्के धरा. बेकारी कर जास्त पगारावर आकारणाऱ्या राज्यांत, उदाहरणार्थ वॉशिंग्टन किंवा न्यू जर्सीत, १२ धरा.

‘हातात ६०० द्या’ असं ठरलंच असेल तर

नेट पगाराचं वचन देऊन बसलात, तर दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचा खर्च सारखा नाही.

पहिला मार्ग, उलटं गणित. ६०० ला ०.९२३५ ने भागा. ६४९.७० आले. हा तिचा खरा पगार. त्यातून ४९.७० फायका कापला की हातात ६०० उरतात. तुमचा वाटाही ४९.७०. आठवड्याचा खर्च ६९९.४०.

दुसरा मार्ग, पगार ६०० च ठेवायचा आणि तिचा फायकाचा वाटाही स्वतः भरायचा. ६०० च्या १५.३ टक्के, ९१.८०. खर्च ६९१.८०. कायद्याने हे चालतं. मात्र तिच्या वतीने भरलेले ४५.९० तिचं उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर तिला आयकर लागतो. डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर, पहिल्या रकान्यात आठवड्याला ६४५.९० च्या हिशोबाने आकडा जातो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या रकान्यांत ६०० च्या हिशोबाने. तीन रकान्यांत एकच आकडा टाकणं ही इथली नेहमीची चूक.

दुसरा मार्ग वर्षाला चारशेच्या आसपास डॉलर वाचवतो. पण आयकर, राज्याच्या कपाती, ओव्हरटाइम यातलं काहीही मध्ये आलं की नेटचं गणित दर आठवड्याला नव्याने करावं लागतं. करारात तासाचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, दरच लिहा, हा यावरचा खरा उपाय.

ओव्हरटाइम: बजेट खरं इथे बिघडतं

घरकामाचा कर्मचारी केंद्रीय कायद्याने तासावरचा कर्मचारी असतो. ‘सॅलरी देतो, मग ओव्हरटाइम नाही’ हे ऑफिसातलं गणित इथे लागू होत नाही. तुमच्या घरी न राहणाऱ्या नॅनीला आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट. घरी राहणाऱ्या नॅनीला केंद्रीय कायद्यात ओव्हरटाइम नाही, पण राज्यांत असू शकतो. न्यूयॉर्कमध्ये तो ४४ तासांनंतर सुरू होतो. कॅलिफोर्नियात मुलं सांभाळणाऱ्या नॅनीला दिवसाचे ९ तास झाले की लगेच, मग आठवडा ४० च्या आत असला तरी. दोघंही ऑफिसला जाणारी जोडपी प्रवास धरून साडेनऊ तासांची पाळी सांगतात आणि हा अर्धा तास रोजचा ओव्हरटाइम होतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

दोघांत ठरलं, “आठवड्याला ४५ तास, १,००० डॉलर.” करारात एवढंच लिहिलं तर तासाचा दर कोणता? १,००० भागिले ४५ करून तिने २२.२२ हा मूळ दर सांगितला आणि वरच्या पाच तासांचे ज्यादा पैसे मागितले, तर तुमच्याकडे उत्तर नसतं. बरोबर मांडणी अशी: ४० तास साधे, ५ तास दीडपट, म्हणजे एकूण ४७.५ भाग. १,००० भागिले ४७.५, आले २१.०५. थोडं वर जाऊन २१.०६ लिहा. ४० तासांचे ८४२.४०, पाच तासांचे ३१.५९ च्या दराने १५७.९५, बेरीज १,०००.३५. दोन्ही दर करारात स्वतंत्र ओळींवर आणि रोजच्या तासांची वही दोघांच्या सहीने.

किमान वेतनही पाहून घ्या. केंद्राचं ७.२५ आहे, कॅलिफोर्नियाचं १६.९०, आणि सनीव्हेल, माउंटन व्ह्यूसारख्या शहरांचं त्याहून जास्त. जिथे जास्त असेल तो आकडा लागू.

नॅनी शेअर

दोन कुटुंबांत एक नॅनी ठेवली तर दोन्ही कुटुंबं स्वतंत्र मालक. दोघांचे ईआयएन, म्हणजे मालकाचे करक्रमांक, वेगळे, दोघांची ३,००० ची मर्यादा वेगळी, दोघांना बेकारी कराचे पहिले ७,००० वेगळे, दोघांचे डब्ल्यू-२ वेगळे. एका कुटुंबाने सगळे कर भरायचे आणि दुसऱ्याने त्याला व्हेन्मो करायचं, ही सोय वाटते खरी, पण मग दुसऱ्या कुटुंबाकडे मुलांच्या देखभालीची करसवलत मागायला कागदच राहत नाही.

कराशिवायचे खर्च

कामगार विमा सर्वात आधी विचारा. कॅलिफोर्नियात पूर्णवेळ नॅनीसाठी तो बंधनकारक आहे, न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला ४० तास काम असेल तर, टेक्सासमध्ये नाही. बऱ्याचदा घराच्या विम्यातच तो जोडून मिळतो. तुम्ही भाड्याने राहत असाल तर रेंटर्स पॉलिसीत असेलच असं नाही. विमा एजंटला थेट विचारा, “घरगुती कर्मचारी कामावर जखमी झाली तर ही पॉलिसी भरते का?” उत्तर लेखी घ्या.

मग सुट्ट्या. कॅलिफोर्नियात वर्षाला ५ दिवस किंवा ४० तासांची पगारी आजारपणाची रजा कायद्याने द्यावी लागते. वर आपल्या सोयीने दोन आठवड्यांची रजा आणि पाच-सहा सण धरले, की वर्षातले चार आठवडे पगार चालू आणि घरी कोणी नाही. त्या दिवसांत पर्यायी बेबीसिटरचा खर्च वेगळा मांडा. भारतवारीचा महिना विसरू नका. तुम्ही पुण्याला असताना नॅनीला अर्धा पगार तरी दिला नाही, तर परत येईपर्यंत ती दुसरीकडे लागलेली असते.

ती मुलांना स्वतःच्या गाडीतून नेत असेल तर मैलाचे पैसे द्या. आयआरएसचा २०२६ चा दर मैलाला ७२.५ सेंट आहे. त्या दराने, नोंद ठेवून दिलेले पैसे पगारात धरले जात नाहीत आणि त्यावर कर नाही. मात्र तिच्या घरून तुमच्या घरी येण्याचे मैल यात येत नाहीत.

काही परत मिळतं का?

मिळतं, पण सगळ्यांना नाही. तुमच्या ऑफिसात डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या देखभालीसाठी पगारातून पैसे टाकायचं खातं, असेल तर २०२६ पासून कुटुंबाला वर्षाला ७,५०० डॉलर करमुक्त बाजूला टाकता येतात. आधी ही मर्यादा ५,००० होती. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि पगार सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेखाली असेल तर केंद्राचे मिळून ३१.६५ टक्के, जवळपास २,३७४ डॉलर वाचतात. पगार मर्यादेच्या वर असेल तर त्यातले ६.२ टक्के वगळा, उरतात १,९०९. त्याची निवड बहुधा आदल्या हिवाळ्यातल्या ओपन एनरोलमेंटमध्ये करावी लागते. मूल जन्मलं किंवा नॅनी बदलली तर मधेही मिळू शकते. जास्त पगारदारांची मर्यादा काही कंपन्या कमी करतात, तेव्हा एचआरला विचारून घ्या.

दुसरी सवलत फॉर्म २४४१ वरची, देखभालीच्या खर्चाचा ठराविक टक्का करातून वजा करणारी. एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० पर्यंतच्या खर्चावर. चांगल्या कमाईच्या जोडप्यांना टक्का २० पर्यंत उतरतो, म्हणजे फार तर ६०० किंवा १,२००. एफएसएची रक्कम या मर्यादेतून वजा होते. पूर्वी ५,००० वापरले तरी दोन मुलांच्या पालकांना १,००० शिल्लक राहायचे. आता पूर्ण ७,५०० वापरले तर या सवलतीत काही उरत नाही. तुम्ही भरलेला मालकाचा कर देखील देखभालीच्या खर्चात धरता येतो.

दोन्ही सवलतींना एक अट आहे: नवरा-बायको दोघांचंही कमावतं काम हवं, किंवा एकजण पूर्णवेळ विद्यार्थी किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारा हवा. एच-४ वर काम न करणारा जोडीदार घरी असेल आणि मदतीला नॅनी ठेवली असेल, तर सहसा काहीच मिळत नाही. आपल्या अनेक घरांचं बजेट इथे चुकतं, कारण सवलत धरूनच दर ठरवलेला असतो.

पैसे कधी, कसे भरायचे

पहिल्या पगाराआधी ईआयएन घ्या. आयआरएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो फुकट आणि बहुधा लगेच मिळतो. पैसे मागणारी संकेतस्थळं खाजगी दलालांची असतात. राज्याकडे नोंदणी करा. कामाच्या पहिल्या दिवशी तिने आय-९ चा, म्हणजे कामाची परवानगी तपासण्याच्या फॉर्मचा, पहिला भाग भरायचा, तीन कामाच्या दिवसांत तुम्ही मूळ कागद बघून दुसरा. कोणते कागद दाखवायचे ते ती ठरवते, ग्रीन कार्डच दाखव असा आग्रह धरणं बेकायदा आहे. हा फॉर्म कुठे पाठवायचा नसतो, जपून ठेवायचा असतो. नवीन भरतीची माहिती राज्याला साधारण २० दिवसांत कळवायची.

केंद्राचा फायका आणि फ्यूटा तिमाहीला वेगळा भरावा लागत नाही. तो शेड्यूल एच या फॉर्मवर मांडून तुमच्या १०४० बरोबर, म्हणजे वार्षिक आयकर रिटर्नबरोबर, जातो. पण याचा अर्थ एप्रिलपर्यंत थांबायचं असा नाही. वर्षभरात पुरेसा कर जमा नसेल तर दंड बसतो. सोपी युक्ती: तुमच्या स्वतःच्या नोकरीतल्या डब्ल्यू-४ वर ४-सी या ओळीत ज्यादा कपात लिहा. बे एरियाच्या उदाहरणात दोघांचा फायका ८,९१०.७२ आणि फ्यूटा १४७, मिळून ९,०५७.७२. वर्षाला २६ चेक असतील तर प्रत्येकी ३४८.३७, म्हणून ३५० लिहा. तिचा आयकरही कापत असाल तर तोही त्यात मिळवा. हे नको असेल तर १०४०-ईएस या आगाऊ कराच्या फॉर्मने एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला चार हप्ते. तिच्या पगारातून कापलेले पैसे तुमचे नाहीत, तेवढे तरी वेगळ्या बचत खात्यात टाका.

राज्याचा कर आणि पगाराचा अहवाल मात्र बहुतेक ठिकाणी दर तिमाहीला जातो. कॅलिफोर्नियात वर्षाचा पगार २०,००० पर्यंत असेल तर कर वर्षातून एकदा भरण्याचा पर्याय मागता येतो. शून्य पगाराच्या तिमाहीतही अहवाल लागतो. भारतवारीच्या तिमाहीत तो राहून जातो आणि दंडाचं पत्र येतं.

पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत तिला डब्ल्यू-२ द्यायचा आणि त्याची प्रत डब्ल्यू-३ सह सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे पाठवायची. त्यांच्या संकेतस्थळावर हे फुकट भरता येतं. सुट्टीचा दिवस असेल तर तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. तिचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच हवं. लग्नानंतर नाव बदललं पण कार्ड जुनं, अशी बाई असेल तर तिची नोंद खात्यावर चढत नाही.

नॅनी सोडून गेली तरी राज्याकडे मालकाचं खातं बंद करा, नाहीतर तिमाहीची पत्रं येतच राहतात. चेक, तासांची वही, डब्ल्यू-२, शेड्यूल एच हे सगळं कराच्या तारखेपासून किंवा कर भरल्यापासून, जे नंतरचं असेल तेव्हापासून, किमान ४ वर्षं ठेवा. आय-९ नेमणुकीपासून ३ वर्षं किंवा काम सुटल्यापासून १ वर्ष, यात जे उशिराचं असेल तोपर्यंत.